लेण्यांतले नेसण आणि आपले नेसण

दुपारची कामे आवरून रेडिओपाशी बसला असाल, तर आज आपण कपाटातल्या एका घडीविषयी बोलू या. आजीच्या ट्रंकेत तळाशी असते ती घडी. डांबराच्या गोळ्यांचा वास असलेले नऊवारी लुगडे.

गुढीपाडवा आला की नाशिकच्या रस्त्यांवर शोभायात्रा निघतात. नाकात नथ, डोक्याला फेटा, अंगावर नऊवारी अशा मुली दुचाकीवर बसून जातात. बघणाऱ्यांपैकी कोणीतरी हमखास म्हणते, "हा आपला दोन हजार वर्षांचा पोशाख." आमच्या गटातही हे वाक्य अनेकदा बोलले गेले. मग एके दिवशी एकीने विचारले, "दोन हजार वर्षे कोणी मोजली?" प्रश्न साधा होता, पण उत्तर कोणाकडेच नव्हते. आपल्या सुदैवाने दोन हजार वर्षांपूर्वीचा पुरावा शहरापासून आठ किलोमीटरवर उभा आहे. तो म्हणजे पांडवलेणी. इतिहास तिला त्रिरश्मी लेणी म्हणतो. आम्ही ठरवले, की तिथे काय दिसते ते आधी बघायचे आणि मग बोलायचे.

मुंबई-आग्रा महामार्गाला लागून तो डोंगर आहे. सुमारे दोनशे पायऱ्या चढल्या की चोवीस लेण्यांची रांग लागते. तिसऱ्या क्रमांकाचे लेणे सर्वांत देखणे. ते एका आईने दान दिले आहे. गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाची आई गौतमी बलश्री हिने, मुलगा गेल्यानंतर, नातवाच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी हे लेणे भिक्षूंना दिले. आपल्या मुलाचे कौतुक तिने भिंतीवर कोरून घेतले. आज सातवाहनांचा इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाला या आजीबाईंचा लेख वाचावाच लागतो.

या लेण्याच्या दाराची चौकट नीट बघा. दोन्ही बाजूंना एकाखाली एक चौकोन आहेत आणि त्यांत स्त्री-पुरुषांच्या आकृती आहेत. दाराशी द्वारपाल उभे आहेत. ओसरीचा भार खांद्यावर पेललेले यक्ष खाली जमिनीतून वर आलेले दिसतात. ऊन, पाऊस आणि लोकांचे हात लागून चेहरे झिजले आहेत. पण कपडे कळतात. पुरुषांच्या डोक्याला गाठीचे पागोटे आहे. कमरेला वस्त्र, त्यावर पट्टा. स्त्रियांच्या कमरेला वस्त्र आणि मेखला, पायांत जाड कडी, हातांत बांगड्यांची चळत. वरचे अंग बहुतेक उघडे किंवा खांद्यावरून घेतलेल्या सैल वस्त्राचे. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर जोडपी कोरलेली आहेत, तीही याच पद्धतीने नटलेली.

जुन्या ग्रंथांत या कपड्यांना नावे आहेत. कमरेचे ते अंतरीय, खांद्यावरचे ते उत्तरीय आणि कमरेला आवळायचा तो कायबंध. सगळे सरळ विणलेले कापड, कुठे कात्री नाही, सुई नाही. आणि त्या काळच्या शिल्पांत, सांचीपासून अमरावतीपर्यंत, अंतरीय नेसण्याची एक पद्धत पुन्हा पुन्हा दिसते. पुढच्या निऱ्या दोन पायांमधून मागे घ्यायच्या आणि कमरेला खोचायच्या. म्हणजे कासोटा. आपला काष्टा.

हे बघितल्यावर आमच्यापैकी दोघी-तिघी आनंदाने म्हणाल्या, "झाले, सिद्ध झाले!" पण थांबा. इथेच घाई होते.

दोन गोष्टी सारख्या दिसल्या, म्हणून एक दुसरीची लेक ठरत नाही. साम्याची कारणे तीन असू शकतात. पहिले, वारसा. आईकडून मुलीकडे, मुलीकडून नातीकडे गोष्ट चालत आली. दुसरे, शेजार. परक्या लोकांशी येणे-जाणे झाले आणि त्यांचे आपण उचलले. तिसरे, गरज. काम सारखे, हवा सारखी, कापड सारखे, म्हणून दोन ठिकाणच्या माणसांनी एकमेकांना न विचारता तीच युक्ती काढली.

हा प्रश्न फक्त आपल्यापुढेच आहे असे नाही. काळ्या समुद्राच्या पलीकडे, काकेशस पर्वतात जॉर्जिया नावाचा देश आहे. त्याच्या समुद्रकाठावर एकेकाळी रोमन सैन्याचे किल्ले होते. गोनियो इथला किल्ला आजही उभा आहे. तिथल्या पारंपरिक पोशाखात उत्तर रोमन काळातल्या लांब बाह्यांच्या, काठ लावलेल्या अंगरख्यांची आठवण काहींना होते. आठवण होणे चुकीचे नाही. पण जॉर्जियन पुरुषांचा 'चोखा' नावाचा लोकरी डगला बघा. त्याच्या छातीवर ओळीने बारीक खिसे असतात, आणि ते बंदुकीच्या दारूच्या नळ्या ठेवण्यासाठी असतात. रोमन लोकांकडे बंदुका कुठून असणार? म्हणजे त्या डगल्याची काही लक्षणे जुनी असतील, पण तो जसा आज दिसतो तसा बंदुका आल्यानंतरच घडला. एकाच कपड्यात निरनिराळ्या काळांचे थर असतात, हे त्या खिशांवरून शिकावे.

आपल्या लुगड्यातही असे थर आहेत. ते एकेक उलगडू या.

आधी शेजाराचा प्रश्न. "अंगाभोवती कापड गुंडाळणे आपण ग्रीक-रोमनांकडून घेतले," असेही कोणी कोणी सांगते. नाशिकला ग्रीकांचे येणे-जाणे होते, हे अगदी खरे. पांडवलेण्यांतले सतरावे लेणे उत्तरेकडच्या दत्तामित्री गावच्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने दिले आहे. यवन म्हणजे ग्रीक किंवा त्यांच्या वंशातले. नाव बघा, पूर्ण भारतीय. नाशिक जिल्ह्यातच जोगलटेंभी गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी. ती नहपान या क्षत्रप राजाची होती आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारला होता. नहपानाच्या नाण्यांवर राजाचा चेहरा आहे आणि भोवती ग्रीक अक्षरे आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती मिळाली. उलट बाजूने, इटलीतल्या पाँपेई शहराच्या राखेत भारतीय स्त्रीची हस्तिदंती मूर्ती सापडली. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडले गेले, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिकडे पोहोचली होती. तिच्यासारखी हस्तिदंती कामे आपल्या तेर आणि भोकरदन इथे मिळाली आहेत.

तर येणे-जाणे होते, देणे-घेणे होते. नाण्यावर चेहरा छापायची कल्पना बाहेरून आली. पण नेसण? रोमन पुरुषांचा टोगा लोकरीचा, अर्धगोलाकार कापलेला आणि खांद्यावरून टाकायचा. ग्रीक स्त्रियांचे वस्त्र खांद्यावर टाचणीने अडकवायचे. कापड पायांमधून मागे नेऊन खोचायची रीत त्या दोन्हींत नाही. आणि यवनांचे दान इथे नोंदले जाण्याच्या आधीपासून आपल्या शिल्पांत न शिवलेले वस्त्र दिसते. म्हणून काष्टा उसना नाही, एवढे ठामपणे म्हणता येते.

उलट कापड इथून तिकडे जात होते. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहिती देणारे पुस्तक लिहिले, 'पेरिप्लस' नावाचे. त्यात भडोच बंदरात दख्खनमधून गाड्यांनी माल येतो असे सांगितले आहे. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर, म्हणजे आपले तेर, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर. तेरहून काय येई? साधे कापड भरपूर आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. पैठणहून काय येई? गोमेदासारखे मौल्यवान दगड. रोममध्ये प्लिनी नावाचा लेखक तक्रार करतो, की दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स भारताकडे जातात. सेस्टर्स हे त्यांचे नाणे. त्यातला काही वाटा आपल्याकडच्या सूत कातणाऱ्या आणि माग चालवणाऱ्या हातांचा होता.

एक गंमत लक्षात आली का? त्या व्यापाऱ्याने पैठणच्या नावापुढे दगड लिहिले आहेत, रेशमी वस्त्र नव्हे. येवल्यात आज विणली जाते ती पैठणी सुंदर आहे, तिचा काठ आणि पदर अजोड आहे, दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा. पण तिचे मोर, मुनिया, आसावली हे नक्षीकाम अलीकडच्या काही शतकांचे आहे. पैठण गाव दोन हजार वर्षांचे म्हणून आजची पैठणीही तेवढीच जुनी, असे होत नाही. त्याने पैठणीची किंमत कमी होत नाही. विणकराच्या बोटांतले कौशल्य आजचे आहे आणि तेच मोलाचे आहे.

आता कापडाचा विषय निघालाच आहे तर पांडवलेण्यांतली एक नोंद ऐका. बचत गटातल्या मैत्रिणींनी कागद-पेन्सिल घ्या. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापण नाणी ठेव म्हणून ठेवली. कुठे? गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींमध्ये. श्रेणी म्हणजे त्या काळची कारागिरांची संघटना. दोन हजार एका श्रेणीत, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसऱ्या श्रेणीत, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा नाणी द्यायची.

हिशेब करून बघा. दोन हजारांचे दरमहा शेकडा एक म्हणजे वीस. वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक नाणे इकडे-तिकडे नाही. आम्ही हा हिशेब लेण्याच्या पायरीवर बसून केला तेव्हा आमच्या खजिनदार बाई म्हणाल्या, "आपल्या गटाच्या वह्यासुद्धा इतक्या चोख नसतात." आपल्याच पंचक्रोशीतल्या विणकरांवर राजाच्या जावयाने कायमची ठेव विश्वासाने सोपवली, ही नाशिकच्या कापडाची खरी कुळकथा.

त्याच दहाव्या लेण्यात उषवदाताची बायको दक्षमित्रा हिनेही भिक्षूंसाठी खोली दान केल्याची नोंद आहे. तिच्या लेखात खोलीला शब्द आहे 'ओवरक'. आपण देवळाच्या आवारातल्या खोलीला ओवरी म्हणतो ना, तोच तो शब्द. पुढच्या काळात शकाग्निवर्म्याची मुलगी विष्णुदत्ता हिने आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी इथल्याच कारागीर श्रेणींत ठेव ठेवली. कुंभार होते, तेली होते, पाण्याची यंत्रे करणारे होते. अठरावे चैत्यगृह पूर्ण केले ते भटपालिका नावाच्या स्त्रीने. या लेण्यांत बायकांचा हात किती आहे, हे शाळेत कोणी सांगितले नव्हते.

'ओवरक' आणि 'ओवरी' यांकडे पुन्हा वळू. वारसा कशाला म्हणायचे, ते या शब्दावरून समजते. शब्द तसाच राहिला नाही, बदलला. पण प्रत्येक पिढीने तो वापरला, म्हणून साखळी तुटली नाही. काष्ट्याचेही तसेच म्हणता येईल. त्याचा भक्कम पुरावा म्हणजे पुरुषांचे धोतर आणि बायकांचे लुगडे. दोन्हींना कासोटा आहे. लेण्यांतही स्त्री-पुरुष दोघांचे कमरेचे वस्त्र एकाच जातीचे आहे. इतक्या दूरवर, इतक्या जातीजमातींत, बाई आणि पुरुष दोघांतही जी रीत दिसते, ती काल-परवाची नसते.

मग वारसा नेमका कशाचा? काष्टा खोचण्याच्या युक्तीचा. पूर्ण नऊवारीचा नव्हे. कारण लेण्यांतल्या बाईकडे दोन वस्त्रे आहेत, कमरेचे वेगळे आणि खांद्याचे वेगळे. आपल्या लुगड्यात ती दोन्ही एकाच लांब कापडात आली. त्याच कापडाची गाठ, त्याच्याच निऱ्या, त्याचाच काष्टा आणि त्याचाच पदर. ही मोठी नवी कल्पना होती, आणि ती लेण्यांनंतरची आहे. 'नऊवारी' हा शब्द तर आणखी अलीकडचा. वार म्हणजे छत्तीस इंच, इंग्रजी यार्डाएवढे माप. त्याआधी कापड हाताने मोजत. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. आजीला विचारा, ती सोळा हाती, अठरा हाती लुगडे म्हणेल. अठरा हात म्हणजे बरोबर नऊ वार.

चोळीचेही तसेच. शिवलेले कपडे आपल्याकडे लेण्यांच्या काळात दुर्मीळ. उत्तरेकडून आलेले शक, कुषाण घोडेस्वार लोक, ते शिवलेले डगले आणि विजारी घालत. मथुरेला कनिष्काची बिनडोक्याची मूर्ती आहे, तिचा घेरदार डगला आणि जाड बूट बघावेत. पाचव्या शतकापर्यंत अजिंठ्याच्या चित्रांत शिवलेले कपडे दिसू लागतात. पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रातली नर्तकी पूर्ण बाह्यांचा शिवलेला पोशाख घालून नाचते आहे. आपली खणाची चोळी ही त्या शिवणकामाच्या रस्त्यावरची पुढची गोष्ट. म्हणजे ज्याला आपण "पारंपरिक वेश" म्हणतो, त्यात कमरेखाली एका काळाची रीत आणि छातीवर दुसऱ्या काळाची. जॉर्जियन डगल्यावरच्या खिशांसारखेच.

पण बघा, न शिवलेल्या कापडाचा मान आपण अजून ठेवला आहे. ओटी भरताना खण देतो, शिवलेला ब्लाउज देत नाही. वणीच्या सप्तशृंगी देवीला अकरा वार साडी आणि चोळीला तीन खण लागतात असे सांगतात. रोजच्या जगण्यातून जी रीत जाते, ती देवघरात आणि सणावारात बराच काळ टिकून राहते.

आता एक आवडती गोष्ट तपासू. "शिवकाळात बायकांना घोड्यावर बसता यावे, लढता यावे म्हणून काष्ट्याची साडी निघाली," असे भाषणांत ऐकू येते. ऐकायला छान वाटते. पण काष्टा त्याआधी दीड हजार वर्षे शिल्पांत आहे. तो लढाईसाठी जन्मला नाही. लढणाऱ्या बायकांनी तो वापरला, कारण तो त्यांच्या अंगावर आधीपासूनच होता. मग होता कशासाठी? भात लावताना चिखलात वाकायला. डोक्यावर पाणी घेऊन चढ चढायला. मासळीची पाटी घेऊन धावायला. कोळीणबाईंचे घट्ट, आखूड नेसण बघा. निऱ्या पायांत येत नाहीत, काठ ओला होत नाही. काष्टा हा मुळात कामाचा वेश आहे. तलवारीची गोष्ट आपल्याला लगेच आवडते आणि खुरप्याची आवडत नाही, म्हणून आपण जन्मकथा बदलून टाकली, इतकेच.

आणि कामाचा वेश म्हटल्यावर आमच्या गटातल्या पेठ आणि सुरगाण्याकडच्या मैत्रिणी बोलल्या. त्यांच्या आया-आज्या कमरेला आखूड लुगडे नेसत, अंगात चोळी घालत आणि वरून वेगळी फडकी घेत. कमरेचे एक, खांद्याचे एक. आम्ही सगळ्या क्षणभर गप्प झालो. लेण्यांतल्या अंतरीय-उत्तरीयाच्या सर्वांत जवळ कोण आहे? शोभायात्रेतली भरजरी नऊवारी नव्हे, तर डोंगरातली ही दोन वस्त्रे. त्यात थेट वारसा किती आणि डोंगर-चिखलाची गरज किती, हे दोन्ही धागे एकमेकांत विणलेले आहेत. पण "आपला प्राचीन वेश" म्हणून मिरवणुकीत फडकीवाल्या बाईला कधी पुढे चालवलेले पाहिले आहे का?

इथून पुढचे बोलणे जरा जड आहे, पण ते टाळले तर आजचे बोलणे अर्धवट राहील.

नेसणाने बाईला फक्त झाकले नाही, तिच्यावर शिक्काही मारला. विधवेला लाल आलवण नेसावे लागे आणि काही घरांत चोळी घालायची मुभा नसे. कोणत्या जातीच्या बाईने काठ किती रुंद ठेवायचा, लुगडे गुडघ्यापर्यंत की घोट्यापर्यंत, हे गाव ठरवत असे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी खास बोलले. त्यांच्या सांगण्याचा आशय असा होता, की तुमच्या लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरून आणि अंगावरच्या जड दागिन्यांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता. ही खूण टाकून द्या, सवर्ण स्त्रिया नेसतात तसे लुगडे घोट्यापर्यंत नेसा. स्त्रियांनी ते तिथल्या तिथे मनावर घेतले. परिषदेतच कित्येकींनी नेसण बदलले, आणि सवर्ण कार्यकर्त्यांच्या घरच्या बायकांनी त्यांना नेसायला मदत केली, अशी नोंद आहे.

विचार करा. कापड तेच, काष्टा तोच. फक्त काठ गुडघ्यावरून घोट्यावर आला. त्या वीतभर अंतरात केवढे बंड होते! पुढे २ मार्च १९३० रोजी आपल्या नाशिकमध्ये काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. त्यात बायाही मोठ्या संख्येने उतरल्या. त्या जे नेसून आल्या होत्या, ते त्यांनी स्वतः ठरवलेले होते.

म्हणून "जुने तेच खरे" असे कोणी म्हटले की आम्ही आता विचारतो, कोणते जुने? लेण्यांतले म्हणाल तर वरचे अंग उघडे आहे, ते कोणाला चालेल? पेशवाईतले म्हणाल तर त्यात आलवणही येते. गावगाड्यातले म्हणाल तर त्यात गुडघ्याची सक्ती येते. जुन्यातून आपण निवडूनच घेतो. प्रत्येक पिढीने तेच केले आहे. महाडच्या बायांनी केले, पाचवारी-सहावारी गोल साडीकडे वळलेल्या आपल्या आयांनी केले. ऑफिसला, बसला, सायकलला जे सोयीचे ते त्यांनी घेतले.

आता शेवटचा मुद्दा, शिवलेल्या नऊवारीचा. आमच्या गटात यावरून दोन तट पडले होते. वडीलधाऱ्या म्हणायच्या, पायजम्यासारखी घालायची ती कसली नऊवारी? तरुण मुली म्हणायच्या, पाच मिनिटांत घालून होते, सुटायची भीती नाही, नाचता येते. लेणी बघून आल्यावर भांडण मिटले असे नाही, पण त्याचे टोक बोथट झाले. अंतरीय-उत्तरीय एक झाले तेव्हाही कोणी नाक मुरडले असेल. चोळीला पहिली कात्री लागली तेव्हाही. शिवलेली नऊवारी हा त्याच कापडावरचा नवा थर आहे. ती खोटी नाही. पण एक गोष्ट मात्र तिच्यात हरवते. न शिवलेले लुगडे एकाच मापाचे नसते. बाई जाड होवो, बारीक होवो, गरोदर असो, म्हातारी होवो, तेच कापड तिला होते. आजीचे नातीला होते. फाटले तर गोधडीत जाते, बाळाच्या दुपट्यात जाते. शिवलेले कापड एकीचेच होऊन बसते.

म्हणून आम्ही दोन्ही बाजूंना एकेक काम दिले. मुलींनी वर्षातून एकदा तरी आजीकडून खरे लुगडे नेसायला शिकायचे. गाठ कुठे मारायची, निऱ्या किती घ्यायच्या, काष्ट्याचे टोक कसे पकडायचे, हे हाताला शिकवल्याशिवाय येत नाही आणि आजी गेली की तेही जाते. आजीबाईंनी शिवलेली नऊवारी घातलेल्या नातीला "ही कसली?" म्हणून हिणवायचे नाही.

तुम्हालाही आमचे सांगणे एवढेच. या आठवड्यात ट्रंक उघडा. लुगडे उन्हात घाला. ज्यांच्या घरी फडकी असेल त्यांनी तीही काढा. घरातल्या सर्वांत वयस्क बाईला विचारा, की हे कुठे घेतले, किती हाताचे, कोणत्या कामाला नेसत होतीस, आणि ते कोणाच्या सांगण्यावरून बदललेस की स्वतःच्या मनाने? उत्तरे वहीत लिहून ठेवा. उषवदाताने व्याजाचा हिशेब दगडावर लिहून ठेवला म्हणून आज आपल्याला गोवर्धनचे विणकर ठाऊक आहेत. आपल्या आज्यांचा हिशेब कोणी दगडावर कोरणार नाही. तो आपणच लिहायचा आहे.

पुढच्या वेळी भेटू. तोवर नमस्कार.